माळावरचं पांढरं पाखरू

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण घेऊन आलेल्या वर्गमित्राला मी आधी शाळेमागच्या माळाचं विचारलं. "थोडा उरलाय," तो म्हणाला.

१९८४ साली मी आठवीत होतो. भादव्यात कुसळी गुडघ्याला लागायची. तिच्यातून चालताना पायाजवळून पांढरं काहीतरी उठायचं आणि चार पावलांवर पुन्हा गवतात बुडायचं. एक धरलं. दुधी पंखांवर कुंकवासारखे लाल आणि काळे ठिपके. पंख अंगाशी गुंडाळून बसलं की वाळली काडीच वाटे. विज्ञानाच्या सरांना दाखवलं. नाव त्यांनाही माहीत नव्हतं. "अळी काय खाते ते शोध, मग पाखरू कळेल," म्हणाले, आणि महिनाभर शेवटच्या तासाला मला माळावर सोडलं. एवढी मोकळीक मला पुढे कोणी दिली नाही.

अळी सापडली खुळखुळ्याच्या झुडपावर. काळपट, केसाळ, पाठीवर पांढरा पट्टा, आडवे नारिंगी डाग. मग तीच आमच्या शेतातही दिसली. वडिलांनी बियाण्यासाठी राखलेल्या तागाच्या शेंगा पोखरून ती कोवळे दाणे खात होती. वडील चिडले होते, आणि मी बांधावर बसून वही भरत होतो.

नाव कृषी महाविद्यालयात कळलं: युटेथेइसा पुल्केला. १७५८ साली स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसनं ठेवलेलं. पुल्केला म्हणजे देखणी. हा पतंग भर उन्हात का उडतो तेही उमगलं. ताग, खुळखुळा एकाच कुळीतले, दोन्हींत अल्कलॉइडं, म्हणजे झाडांतली विषारी रसायनं. अळी ती अंगात साठवते, पंख फुटल्यावरही ती टिकतात, आणि लाल ठिपके म्हणजे खाणाऱ्याला इशारा. याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदावर कॉर्नेल विद्यापीठात कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर यांनी काम केलं. जाळ्यात अडकलेला तो पतंग कोळी स्वतः धागे तोडून सोडून देतो. मीलनात नर आपलं विष मादीला देतो, ती ते अंड्यांत उतरवते. हे वाचलं त्या रात्री सरांना लांबलचक पत्र लिहिलं होतं.

महोत्सवात त्या उरलेल्या माळावर झाडं लावायचं ठरतंय, असं ऐकलं. कृपा करून तिथे लावू नका. तो पडीक नाही. दाट सावलीत कुसळी तगत नाही, खुळखुळाही नाही. झाडं पुढच्या मैदानाच्या कडेनं लावा, रोपांचा खर्च मी देतो.