सकाळी वाचलेलं, दुपारी आठवलं

आज सकाळी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय वाचला. १९वं वचन तोंडपाठच आहे: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद.

दुपारी धाकट्या भावाचा फोन. आवाज चढलेला. माझं उत्तर जिभेवर तयार होतं आणि नेमकं तेव्हाच ते वचन आडवं आलं. गप्प राहिले. अवघड गेलं, खूप. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, नोकरी जाईल असं वाटतंय गं."

राग नव्हताच तो, भीती होती!

त्याच अध्यायात पुढे आरशात चेहरा पाहून लगेच विसरणारा माणूस आहे. इतकी वर्षं मी तसंच वाचत आले, वचनाखाली रेघ मारायची अन् पान उलटायचं. रात्री आम्ही दोघांनी फोनवरच प्रार्थना केली. उद्या पुन्हा फोन करणार आहे, फक्त ऐकायला.