कमरेतील मज्जानलिका मोजताना

कमरेच्या एमआरआय अहवालात मज्जानलिकेबद्दल, म्हणजे मणक्यांमधून जाणाऱ्या नसांच्या पोकळीबद्दल, ‘नलिकेचा व्यास ११ मिमी’ असे वाचले की माझे लक्ष प्रथम एका प्रश्नाकडे जाते: हे माप नेमके कोणत्या पातळीवर आणि कोणत्या छेदात (स्कॅनमधील कापाच्या चित्रात) घेतले? डच शल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५० च्या दशकात या नलिकेच्या अरुंदपणाचे सविस्तर वर्णन केले. मध्यरेषेतील पुढून मागचा व्यास १० मिमीपेक्षा कमी असल्यास निश्चित आणि १० ते १२ मिमी असल्यास सापेक्ष अरुंदपणा मानण्याची पद्धत त्यांच्याच कामातून रूढ झाली.

मात्र हाडांमधील अंतर मोजून भागत नाही, कारण मणक्यांमधील चकतीचा फुगवटा, जाड झालेला पिवळा अस्थिबंध (मणक्यांना मागून जोडणारा पट्टा) आणि मणक्यांचे सुजलेले सांधे नलिकेला तिन्ही बाजूंनी दाबतात. सीटी स्कॅनमध्ये हाड उत्तम दिसते, पण मऊ ऊतींसाठी एमआरआयच हवा. म्हणूनच मज्जारज्जूच्या आवरणपिशवीचे, म्हणजे नलिकेतील नसांना वेढणाऱ्या पिशवीचे, क्षेत्रफळ मोजणे मला अधिक अर्थपूर्ण वाटते. ते १०० चौरस मिमीपेक्षा कमी भरल्यास सहसा अरुंदपणाची शंका घेतली जाते. छेद चकतीला समांतर नसेल, तर हे क्षेत्रफळ प्रत्यक्षाहून मोठे भरते.

शिवाय स्कॅनच्या वेळी रुग्ण सहसा उताणा झोपलेला असतो. उभे राहून कंबर मागे झुकली की नलिका आणखी आकुंचन पावते, आणि चालताना पायांत येणारी कळ नेमकी त्याच स्थितीत येते. मोजमाप अत्यंत अरुंद असूनही कोणताही त्रास नसलेली माणसे आढळतात, त्यामुळे केवळ आकड्यावरून शस्त्रक्रिया ठरवणे मला अयोग्य वाटते.