गनमॅन माझ्या दारात, साक्षीदार रिक्षात

मोक्काच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, खटल्यात विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली की लोकांच्या डोळ्यांपुढं लगेच सिनेमा उभा राहतो. प्रत्यक्षात निम्मा खटला कागदावर लढायचा असतो. टोळीवर मागच्या 10 वर्षांत एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं आहेत का, कोर्टानं त्यांची दखल घेतली होती का, उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी कोणत्या तारखेची, अपर महासंचालकांची मंजुरी नेमकी कोणाकोणाविरुद्ध. यातला एक कागद लंगडा निघाला की टोळी सुटलीच म्हणून समजा.

आमच्या खटल्यातली टोळी सोलापूरच्या पूर्वभागातली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतली. चारसहा माग टाकून टॉवेल काढणाऱ्यांना व्याजानं पैसे द्यायचे आणि मग व्याजाच्या नावाखाली दरमहा खंडणी उकळायची, हा धंदा. भरडले गेलेले पुष्कळ होते, पण कोर्टात उभं राहायला एकटाच तयार झाला. तोही एका अटीवर, नाव बाहेर येता कामा नये. मोक्काच्या कलम 19 मध्ये त्याची सोय आहे. नाव-पत्ता गुप्त ठेवता येतो, जबाब बंद दाराआड घेता येतो. कागदोपत्री तो झाला ‘साक्षीदार क’.

नुसतं नाव खोडून भागत नाही, हे आमच्या पैरवी हवालदारांनी, म्हणजे खटल्याचं कोर्टातलं काम बघणाऱ्या पोलिसांनी, शिकवलं. जबाबात गल्ली होती, मागांची संख्या होती, कोणत्या मुलाच्या लग्नाआधी पैसे उचलले तेही होतं. पूर्वभागात एवढ्यावरून शेंबडं पोरही घर दाखवील. ओळखीच्या सगळ्या जागा कोर्टाच्या परवानगीनं काळ्या मार्करनं झाकल्या. हवालदार म्हणाले, ‘‘मॅडम, आता उजेडात धरून बघा की.’’ धरलं, तर शाईखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. म्हणून त्या काळ्या केलेल्या पानांची पुन्हा झेरॉक्स काढली आणि आरोपींच्या वकिलांना ती दिली. तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाचं शिक्षण हे असं असतं.

घरची गोष्ट निराळीच. नेमणुकीची बातमी छापून आल्यावर मिस्टरांच्या बँकेत एक फोन आला. बोलणाऱ्यानं शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. आमच्या मुलीच्या क्लासची सुटायची वेळ सांगितली आणि फोन ठेवला. दोन दिवसांत मला पोलीस प्रोटेक्शन मिळालं. मुलीची स्कूटी बंद झाली, आणि तिनं आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. मिस्टर रात्री उठून गेटची कडी तपासून यायचे आणि ‘पाणी प्यायला उठलो होतो’ म्हणायचे. सासूबाई मात्र घाबरल्या नाहीत. सोमवारी त्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघाल्या की, ‘‘तू हिच्याजवळ थांब रे बाळा, मला म्हातारीला कोण काय करतंय?’’ असं गनमॅनला बजावून जायच्या. दुपारी त्याला चटणीसाठी शेंगा सोलायला बसवायच्या. पोरगा सांगोल्याकडचा, गुणी. कार्बाइन मांडीवर ठेवून निमूट सोलायचा.

साक्षीदार क ची साक्ष ज्या दिवशी होती, त्या दिवशी दार लोटून घेतलं, बाहेर पोलीस उभे केले. आत न्यायाधीश साहेब, टंकलेखक, वकील, पडद्याच्या एका बाजूला आरोपी आणि दुसऱ्या बाजूला तो. सरतपास, म्हणजे आमच्या बाजूनं मी विचारायचे प्रश्न, मराठीत सुरू झाला. तारीख, रक्कम नीट सांगितली. पहिल्या मारहाणीपाशी आला आणि अडकला. पाणी दिलं. मग साहेबांना म्हणाला, तेलुगूत सांगू का? दुभाषी बोलावला. पहिलं वाक्य तेलुगूत निघालं मात्र, पडद्यापलीकडून कोणीतरी फस्सकन हसलं. बाकी काही नाही, नुसतं हसू. टोळीतले निम्मे लोक त्याच वस्तीत लहानाचे मोठे झालेले. नाव झाकलं, गल्ली झाकली, आवाज कसा झाकणार?

मला वाटलं, गेली साक्ष. फितूर झालेले साक्षीदार मी ढिगानं पाहिलेत, पंच तर सरकारी नोकर असूनही फिरतात. हा फिरला नाही. उलट हसू ऐकल्यावर त्याचा आवाज चढला आणि लोखंडी कांडीनं बोटं कशी ठेचली ते त्यानं सलग सांगितलं. दुभाष्याला मध्ये थांबवावं लागत होतं. उलटतपासात बचावाच्या वकिलांनी अगदी सहज विचारलं, ‘‘तुमचे माग साधे की नक्षीवाले, जकॉर्डचे?’’ मी हरकत घेतली, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे पत्ताच. साहेबांनी हरकत मान्य केली. वकीलसाहेब हसून खाली बसले. माणूस हुशार, आणि त्यांचं काम ते करत होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

संध्याकाळी मी पोलिसांना सांगितलं, याला गाडीनं घरी सोडा. त्यानं हात जोडले. ‘‘नको मॅडम. पोलिसाची गाडी गल्लीत आली तर राहिलेल्यांनाबी कळंल.’’ कोर्टाच्या मागच्या फाटकातून बाहेर पडून तो रस्त्यावरच्या शेअर रिक्षात बसला, दोन बायका आणि एक भाजीची पिशवी यांच्या मध्ये. मी माझ्या गाडीत. पुढच्या सीटवर गनमॅन.

घरी जेवताना नाव-गाव न घेता एवढंच सांगितलं. सासूबाईंनी भाकरी मोडता मोडता विचारलं, ‘‘मग त्येच्या दारात कोण हाय?’’ मुलगी माझ्याकडं बघत होती. मिस्टरांनी ताटातलं मीठ उगाच सरकवलं.

उत्तर कागदावरच द्यायला हवं होतं. साक्षीदार संरक्षण योजना 2018 ची आहे, सर्वोच्च न्यायालयानं ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्य केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज करायचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यायचा. अर्ज लिहिण्याआधी मी त्याला निरोप पाठवून विचारलं, गार्ड मागू का? नको म्हणाला. गार्ड म्हणजे दारावर पाटी लावल्यासारखं. त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या. कॅमेरा घरावर नको, गल्लीच्या तोंडाशी खांबावर हवा. आणि रात्रीच्या गस्तीची मोटारसायकल रोज यावी, पण त्याच्या दारापुढं थांबू नये.

मी अर्जात तेवढंच मागितलं आणि तेवढं मंजूर झालं. पुढं टोळीतल्या पाच जणांना शिक्षा लागली. टोळीचा सदस्य असणं एवढ्याच गुन्ह्याला किमान 5 वर्षं आणि 5 लाख दंड आहे. त्यांचं अपील आहे. आता मुंबईच्या रात्रगाडीचा त्रास नाही, ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. माझा गनमॅन निकालानंतर काढून घेतला. गस्त मात्र चालू ठेवावी म्हणून मी दर वेळी मुदत संपायच्या आत अर्ज टाकते. त्या अर्जाचा मसुदा ज्युनिअरला देत नाही, स्वतःच टाइप करते.