बकुळीखालची माती

मुलुंडच्या त्या सोसायटीचा फोन आला तेव्हा पाऊस सरत आला होता. गेटजवळ ओळीने सात बकुळी, सगळ्यांचे शेंडे वाळलेले. सेक्रेटरींनी आधी माती परीक्षणाचा रिपोर्ट हातात ठेवला. नत्र, पालाश ठीक, स्फुरद (फॉस्फरस) तर गरजेपेक्षा जास्तच. "मॅडम, खतात कमी नाही. माळीच कामचुकार." माळीमामा शेजारीच उभे, खाली मान घालून.

आळ्यात खुरपं घातलं. वर पापुद्रा, खाली घट्ट ढेकूळ. नाकाशी धरलं, वासच नाही. मातीचा तो ओळखीचा वास ॲक्टिनोमायसिटीज गटातले जिवाणू देतात. इथे तोही गायब.

मागच्या भिंतीकडे करंजाखाली कुणी झाडत नाही, कारण तिकडे कुणी बघत नाही. पाचोळा सारला तर खाली पांढऱ्या सुताचं जाळं आणि माती रव्यासारखी मोकळी. तिचाही नमुना घेतला.

लॅबमध्ये दोन्ही पाण्यात ढवळून एकेक थेंब काचपट्टीवर घेतला, चारशेपट मोठा करून पाहिला. बकुळीच्या थेंबात जिवाणूंचे ठिपके नुसते थरथरत होते. बुरशीचा धागा मात्र वीसेक जागा बदलल्यावर एकच दिसला, तोही तुटका. करंजाच्या थेंबात जिकडे बघावं तिकडे तपकिरी तंतू, सारख्या अंतरावर आडवे पडदे असलेले.

मेथी-पालकाच्या वाफ्यात जिवाणू वरचढ असते तर मी काही बोलले नसते. झाडांचं तसं नाही. काडीकचऱ्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा घटक, फोडते ती मुख्यतः बुरशीच, आणि मुळांत राहणारी मायकोरायझा नावाची बुरशी लांबून स्फुरद आणून देते. आयतं स्फुरद भरपूर मिळालं की झाड तिला पोसणं कमी करतं. म्हणजे तो 'चांगला' रिपोर्टही काही निर्दोष नव्हता.

मामांना फोन लावला. "ताई, दोन वर्षांमागं आळ्यात लाकडाचा भुसा टाकलेला. त्याला पांढरी बुरशी धरली. साहेब म्हणाले रोग आहे, औषध मार. तवापासून दर महिन्याला मारतो." औषध तांब्याचं निघालं. तांबं मातीत एकदा बसलं की सहजी हलत नाही. शिवाय पेव्हर ब्लॉक पार बुंध्यापर्यंत. सगळा दोष औषधावर ढकलणं मलाही पटेना.

सेक्रेटरींचा प्रश्न: "चांगली बुरशी पाकिटात मिळते ना?" मिळते, म्हटलं, पण आधी औषध बंद करा, ब्लॉक मागे सरकवा, करंजाखालचा पाचोळा आळ्यात पसरा.

मामा हळूच म्हणाले, "ताई, झाडलं नाही म्हणून मला कोण ओरडणार नाही ना?"

रिपोर्टची पहिली ओळ मग मी तीच लिहिली, ठळक अक्षरात: आळ्यातला पाचोळा झाडू नये.