काम चहाचं, नाव रमचं

घरी चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा ब्रेड केलाय म्हटलं की कोणी ढुंकून बघत नाही, पण त्यात रम आहे म्हटलं की आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेले काकासुद्धा चष्मा सावरत बाहेर येतात. आणि मग प्रश्न सगळे रमचेच. कुठली, किती, वास येतो का, चढते का. चहाबद्दल कोणी एक अक्षर विचारत नाही, बिचाऱ्याने रात्रभर राबून सगळं केलेलं असतं तरी.

तर हा ब्रेड मूळचा आयर्लंडचा. तिथे बार्मब्रॅक म्हणून एक प्रकार आहे, जुन्या पद्धतीने यीस्ट घालून करतात, मळा, झाकून ठेवा, फुगायची वाट बघा असं सगळं साग्रसंगीत. त्याचाच आळशी भाऊ म्हणजे टी ब्रॅक. यात यीस्टच्या जागी बेकिंग पावडर, त्यामुळे मळणं नाही, फुगवणं नाही, बटरसुद्धा नाही. वाट बघायची ती फक्त बेदाणे भिजायची आणि ती आपण झोपेत बघतो.

बेदाणे मात्र चांगले घ्या. मी क्रॉफर्ड मार्केटमधून आणते, म्हणजे गेले की आणते, नाहीतर खालच्या वाण्याकडचा सांगली-तासगावचा बेदाणा काही वाईट नसतो. त्यात थोडे काळे मनुके, चारदोन जर्दाळू चिरून, सगळं मिळून ३५०-३७५ ग्रॅम. टुटीफ्रुटी नको, प्लीज. ती कच्च्या पपईची असते, स्वतःची चव काही नाही, नुसती गोड आणि रंगीत, ती चहा पिणार तरी काय!

चहा आपला रोजचाच, दाणेदार सीटीसी. त्यासाठी महागडा डबा आणायची काही गरज नाही, आयरिश ब्रेकफास्ट म्हणून जो चहा मिळतो त्यात तरी काय, आसामची कडक पत्ती भरपूर असते, म्हणजे हा माल आपल्याकडूनच तिकडे गेलेला. पाव लिटर उकळतं पाणी, तीन चमचे पावडर, पाच मिनिटं झाकण आणि गाळून घ्यायचा. गॅसवर उकळत ठेवायचा नाही, फार कडवट होतो. पण थोडा तुरटपणा पाहिजेच, कारण बेदाणे गोड, साखर गोड, या दोघांना आवरणारं कोणीतरी हवं ना घरात. आमच्या सासूबाईंनी एकदा मी फोनवर असताना त्यात गवती चहाची पात टाकून दिली होती आणि मला सांगायला हरकत नाही की ते छान लागलं. (त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

चहा कोमट झाला की त्यात ५० मिली रम घालून बेदाण्यांवर ओतायचं आणि झाकून ठेवायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ओट्यावर नको, सरळ फ्रिजमध्ये, नाहीतर आपली मुंबईची हवा त्यात स्वतःचं काहीतरी आंबवून ठेवते. सकाळी झाकण काढून बघायला मला फार आवडतं. आंघोळीत जास्त वेळ रमलं की बोटांचं जे होतं त्याच्या बरोब्बर उलटं बेदाण्यांचं झालेलं असतं, सुरकुत्या गेलेल्या, साल ताणून चकचकीत, देठाकडच्या खळीत चहाचा एक थेंब अडकलेला, आणि भांड्यात तळाला जेमतेम चारपाच चमचे तपकिरी पाणी. बाकी सगळं यांनी प्यायलेलं! यामुळेच बटर न घालता ब्रेड ओला राहतो.

आता रम. ती आणायला वाईन शॉपवर मीच जाते, कारण नवऱ्याला पाठवलं की तो क्वार्टर सांगितली तर खंबा, म्हणजे मोठी बाटली, घेऊन येतो. संध्याकाळची वेळ, जाळीच्या खिडकीपाशी ऑफिस सुटलेल्यांची गर्दी, मला बघून सगळे इतक्या आदराने बाजूला झाले की वाटलं लेडीज डब्यात पण कोणी एवढी जागा देत नाही. दुकानदार म्हणाला, काय ताई, पार्टी? मी म्हटलं, नाही हो, ब्रेड करायचाय. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा बाटलीकडे बघितलं आणि पेपरात नेहमीपेक्षा एक गुंडाळी जास्त मारली. तसं आपल्या राज्यात कायद्याने प्यायलासुद्धा परमिट लागतं, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे तो. ब्रेडमध्ये घालून खायला लागतं का, हे विचारायला मी काही कुठल्या ऑफिसात गेलेली नाही.

मी ओल्ड मंक घालते, १९५४ पासून चालत आलेली आहे, जळक्या साखरेसारखा वास, चहाशी गुण जुळतात. आयर्लंडवाले अर्थातच व्हिस्की घालतात. आणि ज्या घरात दोन्ही निषिद्ध, तिथे कपाटात कपड्यांमागे 'औषधाची' ब्रँडी असतेच, मुलांच्या छातीला चोळायची म्हणून ठेवलेली, तीही चालते.

चढते का? तर हिशोब सांगते. अमेरिकन कृषी खात्याचा एक तक्ता आहे, त्यानुसार तासभर शिजल्यावर साधारण पाव भाग अल्कोहोल पदार्थात उरतं. म्हणजे 'उडून जातं सगळं' असं जे आपण पाहुण्यांना सांगतो ते काही खरं नाही. ५० मिली रममध्ये अल्कोहोल २१ मिलीच्या आसपास, उरलं पाच, त्याचे बारा तुकडे, तुकड्यामागे अर्धा मिलीपण नाही. चढायचा प्रश्नच नाही. पण म्हणून न सांगता खाऊ घालायचं हे मला पटत नाही. कोणी सोडलेली असते, कोणाच्या धर्मात नसते, कोणाचा श्रावण असतो. अशांसाठी ५० मिली चहाच जास्त घालायचा. आणि गंमत म्हणजे तो ब्रेडही जवळजवळ तितकाच छान होतो, उलट रम वाढवून चहा कमी केलात तर नुसताच उग्र लागतो.

बाकी कृती काय, भिजलेल्या बेदाण्यांत सगळ्या पाण्यासकट एक अंडं, १२५ ग्रॅम ब्राऊन शुगर किंवा गुळाची पावडर, २२५ ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, दालचिनी-जायफळ. ओलं लागलं की बेकिंग पावडर लगेच कामाला लागते, त्यामुळे मिसळलं की टिनमध्ये, टिन ओव्हनमध्ये, मधे व्हॉट्सॲप नको. आणि फेटत पण बसू नका, चिवट होतो. १६० डिग्रीला तास-सव्वा तास. ओव्हन नसेल तर कुकरची रिंग आणि शिट्टी काढून तळाला मीठ पसरून मंद गॅसवर, आपल्या आयांनी केक असेच केलेत. त्या दिवशी कापू नका, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, वर अमूल बटर जाड थापून.

आयर्लंडमध्ये हा हॅलोविनला, ३१ ऑक्टोबरला करतात आणि आत वस्तू लपवतात. अंगठी मिळाली तर वर्षात लग्न, नाणं मिळालं तर पैसा, चिंधी मिळाली तर गरिबी. आपली दिवाळी त्याच सुमाराला येते म्हणून मी फराळाच्या ताटात चकलीशेजारी एकेक तुकडा ठेवते आणि हे सगळं सांगतेही. आत्याने तिच्या बत्तीस वर्षांच्या मुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "अंगठी राहू दे गं, मुली तयार आहेत. घालायचीच तर ठाण्यापर्यंत कुठेतरी वन बीएचकेची चावी घाल."