काळी-तांबडी, भट्टी क्र. ७ : काठ काळा निघाला!

निघाला एकदाचा. (काळी-तांबडी म्हणजे आतून आणि काठाला काळी, बाहेरून तांबडी अशी प्राचीन भांडी. तीच गोवऱ्यांच्या भट्टीत पुन्हा करून बघतोय.) तीन वाडगे लावले होते, दोन तडकले (मातीत मिसळायची लीद नीट चाळली नव्हती, चूक माझीच). पण तिसरा आतून कोळशासारखा काळा आणि बाहेरून विटेसारखा तांबडा. राख फुंकून सुलटा केला आणि मिनिटभर नुसता बघत बसलो.

मागच्या नोंदींतलं रडगाणं आठवत असेलच. आत भुसा भरून वाडगा पालथा घालायचा. आत हवा नाही म्हणून काळं, बाहेर हवा मिळते म्हणून मातीतलं लोह तांबडं. कागदावर दोन ओळींचं काम. प्रत्यक्षात चौथ्या, पाचव्या, सहाव्या भट्टीत काठ राखाडी आणि आत तळाला पिवळट डाग. मी खापर फोडत होतो भुशावर. लाकडाचा भुसा झाला, भाताचं तूस झालं, शेणाचा चुरा झाला, डाग तसेच.

शेवटी वैतागून सहाव्या भट्टीतला एक वाडगा आपटला आणि तुकड्याची कड भिंगाखाली धरली. गाभा पक्का काळा! फक्त आतल्या अंगाला कागदाएवढा फिकट पापुद्रा. म्हणजे वाडगा काळा झाला होता, मीच तो नंतर उजळवत होतो. गोवऱ्या लाल असतानाच चिमट्याने उचलायची घाई. गरम भांड्याला हवा लागली की वरवरचा कार्बन जळून जातो. तीन भट्ट्या मी स्वतःच्या उतावळेपणाला भुशाचं नाव देत होतो.

या वेळी काठ दोन बोटं राखेत रोवला, भोवती राख थापली आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी उघडलं तेव्हा वाडगा जेमतेम कोमट होता.

काळ्या-तांबड्याच्या सीमेची रेघ मात्र एका बाजूला वर चढलीय. गोवऱ्या ढासळल्या की वाडगा कलतो. आधी चिडलो. मग परवा संग्रहालयात विदर्भातल्या महापाषाणीय वर्तुळांमधली (मोठ्या दगडांच्या रिंगणातल्या प्राचीन दफनांतली) खापरं पाहिली. तिथेही रेघ अशीच डुलते. मी इतके दिवस रेखाचित्रांतल्या सरळ रेघेशी झगडत होतो. रेघेचा विषय बंद.

हत्यारांबद्दल: ऑनलाइन मागवलेला थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचं साधन) तिसऱ्या भट्टीतच गेला. विक्रेत्याने १,२०० अंशांची हमी दिली होती. गोवऱ्यांची उघडी भट्टी तिथवर जातही नाही. आता निखाऱ्याच्या रंगावर भागवतो. भांडं घासून चकचकीत घोटायला मात्र अकीकचा गुळगुळीत दगडच. चमच्याच्या पाठीने चरे पडतात.

पुढे विदर्भातल्या नैकुंडच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन लोखंडाच्या भट्टीची प्रतिकृती करायची होती. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूने तिथल्या शिवगळै या उत्खनन-स्थळाच्या लोखंडासाठी इ.स.पू. ३३४५ पर्यंतची तारीख जाहीर केल्यापासून आपल्या मंडळींना लोखंडाचं वेड लागलंय, मलाही. (तारखेवर माझं मत: आणखी चार स्थळांवरून तसेच निकाल येऊ देत, मग नाचू.)

पण काल तडकलेला एक वाडगा टाकवेना, म्हणून त्यावर खिळ्याने ‘आतन’ कोरलं. तमिळनाडूतल्या कीळडी या उत्खनन-स्थळाच्या खापरांवर हे नाव तमिळ-ब्राह्मी या प्राचीन लिपीत येतं. सरळ रेघा झटक्यात उमटल्या, वळण घेताना मात्र खिळा दरवेळी घसरला आणि कडेला पापुद्रे उडाले. अर्धवट सुकलेल्या मातीत तेच अक्षर लोण्यासारखं निघेल. दोन्ही चरे शेजारी ठेवून भिंगाखाली बघायचे आहेत, म्हणजे खापराच्या फोटोवरूनही कोरणं भाजण्याआधीचं की नंतरचं ते ओळखता येईल.

तेव्हा आठवी भट्टी सहा वाडग्यांची. चार कोरायला, दोन राजस्थानातल्या आहाडच्या प्राचीन काळ्या-तांबड्या भांड्यांवरच्या पांढऱ्या नक्षीला. नक्षी भाजण्याआधी की नंतर, एकेकावर करून बघतो. नैकुंडसाठी आणलेल्या विटा तूर्त गोवऱ्यांखाली रचल्यात. पावसाने गोवऱ्या तेवढ्या ओल्या व्हायला नकोत.