‘औदुंबर’चा नकाशा

बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता आठ ओळींची. ती शिकवायला अर्धा तास पुरतो असं मानलं जातं, कारण बी.ए.च्या वर्गात मुलं बसतात तीच अर्थ सोबत घेऊन. त्या दिवशीही तसंच. घरून लिहून आणलेले कागद चाळले तर निम्म्याहून जास्त कागदांवर एकच मजकूर: पायवाट म्हणजे आयुष्य, काळा डोह म्हणजे मृत्यू, औदुंबर म्हणजे विरक्त योगी. पुरावा म्हणून बालकवींचं चरित्र. त्र्यंबक बापूजी ठोमरे, जन्म १८९० चा, धरणगावचा. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वे अपघातात मृत्यू. हा शेवटचा तपशील मुलांना फार मोहात पाडतो. पण अपघात कवितेनंतरचा आहे. कवितेतल्या डोहाला त्याची खबर असायचं कारण नाही.

कागद परत दिले आणि सांगितलं, आज अर्थ कुणी सांगायचा नाही. एका बाकाने रंग मोजायचे, दुसऱ्याने क्रियापदं, तिसऱ्याने मात्रा. आणि एकाने फळ्यावर या जागेचा नकाशा काढायचा.

मात्रांची गाडी लगेच अडली. ‘निळासावळा झरा वाहतो’ इथवर १६, ‘बेटाबेटातून’च्या ११, एकूण २७. पण ‘हिरव्या कुरणामधुन चालली’ इथवर एकाच्या १६ ऐवजी १७ भरल्या. त्याने ‘हिरव्या’तला ‘र’ पुढे जोडाक्षर आहे म्हणून गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, धरला होता. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होतं. ‘गर्दी’तल्या ‘ग’वर तो पडतो, ‘हिरव्या’तल्या ‘र’वर पडत नाही. मोठ्याने म्हटलं की कळतं. पाचव्या ओळीत ‘तयांतून’ असं छापलेलं पुस्तक हातात असेल तर हिशेब एका मात्रेने वाढतो. म्हणताना तो ‘तू’ आपोआप ऱ्हस्व होतो. शेवटच्या दोन ओळी मात्र कशाही मोजल्या तरी २६ च भरतात, कारण त्या ‘लाटांवर’ आणि ‘औदुंबर’ अशा लघू, म्हणजे एका मात्रेच्या, अक्षरांवर संपतात. चालीवर म्हणताना तो ‘र’ जरा लांबवावा लागतो. “म्हणजे श्वास तुटतो, म्हणजे मृत्यू,” असं एकजण उत्साहाने म्हणालाच. एका मात्रेवर एवढं ओझं टाकू नये.

रंगांच्या बाकाचं काम चोख होतं. हिरवा तीनदा, निळासावळा, पांढरी, काळ्या, काळिमा. शेवटच्या ओळीत रंगाचा शब्दच नाही. क्रियापदं सहा: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. यातल्या एकाचाही कर्ता माणूस नाही. झरा वाहतो, वाट चालते, झाड बसतं. घरं चार आहेत, शेतं आहेत, मळे आहेत, आणि कविताभर माणूस दिसत नाही. हे ऐकल्यावर विरक्तीवाल्यांना जोर आला.

नकाशा तापीकाठच्या गावातून येणारी एक विद्यार्थिनी काढत होती. दोन काठ काढले, मध्ये झरा. पैल टेकडीशी चार चौकोन, त्यांच्यापुढे मळे, मळ्यांतून वेडीवाकडी वाट, मग कुरण. आणि खडू थांबला.

“सर, वाट झरा ओलांडते का?”

कवितेत पूल नाही, साकव नाही. गाव पैल आहे म्हणजे बघणारा ऐल काठावर. डोह झऱ्यातलाच धरला, तर वाट गावाकडून निघून बघणाऱ्याच्या दिशेने येते आणि पाण्याशी संपते. औदुंबर कोणत्या काठाला, हे कवी सांगत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी तो ऐल काठाला हवा म्हणून हट्ट धरला. तसं धरायला आधार नाही, पण नाकारायलाही नाही.

मग ती खडू खाली न ठेवता म्हणाली, “पण वाट पांढरी आहे ना. रोज पाय पडल्याशिवाय कुरणातली वाट पांढरी होत नाही. आठ-पंधरा दिवस कुणी गेलं नाही तर पावसाळ्यात गवत चढतं. ही पाण्याची वाट आहे सर. बायका, गुरं, सगळे याच वाटेने जात असणार.”

वर्ग गप्प झाला. माणूस दिसत नाही, पण त्याचे पाय त्या एका विशेषणात आहेत. मी ही कविता पुष्कळदा शिकवली आहे आणि तिच्यावर जाडजूड लेख वाचले आहेत; इतका साधा पुरावा इतक्या नेमक्या जागी बोट ठेवून कुणी माझ्यासमोर मांडला नव्हता. ज्या डोहावर गाव रोज येतं, तो एकदम मृत्यूचा डोह कसा होईल? मग ‘गोड काळिमा’ही निराळा दिसायला लागला. सकाळच्या कागदांत ‘काळिमा’ सगळ्यांनी उचलला होता, ‘गोड’ला कुणी हात लावला नव्हता. उदासपणाचा अर्थ बाद झाला असं नाही. पण जो कुणी हा अर्थ मांडेल त्याने ‘पांढरी’ आणि ‘गोड’ यांचा हिशेब द्यायला हवा.

शेवटची ओळ, ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’. तिच्यातल्या ‘पाय टाकुनी’खाली सगळ्यांनी ‘चेतनगुणोक्ती’, म्हणजे माणूस नसलेल्याला माणसासारखं वागताना दाखवणारा अलंकार, असं लिहून रेघ मारली होती. अलंकार बरोबर आहे, पण तिथे थांबलं की कवीची नजर हुकते. पाण्याकाठच्या उंबराखालची माती वाहून जाते, मुळं उघडी पडतात आणि थेट पाण्यात उतरतात. आधी निरीक्षण, मग अलंकार. दत्तगुरूंचा मुद्दाही निघाला. औदुंबर म्हटलं की तो निघणारच. पण पादुका, पार, घंटा, दिवा, यांतलं काही कवितेत नाही. आहे ते फक्त नावाचं वजन. तेवढंच उत्तरात लिहावं, आख्खं मंदिर बांधू नये.

वाद शेवटी अडकला तो सातव्या ओळीच्या कर्त्यावर. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. काळिमा स्वतः पसरतो, की औदुंबर तो पसरतो? आधीच्या ओळींत झरा, गाव, गर्दी, वाट यांची ओळख पटायला अडचण नाही. इथे मात्र दुसरा अर्थ घेतला तर कर्त्यासाठी कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. मला हा दुसरा अन्वय, म्हणजे वाक्यातले शब्द जोडून लावण्याची ही रीत, आवडतो, वर्गातल्या बहुतेकांना पहिला. परीक्षेत अन्वय लिहून दाखवला तर मी दोन्हींना सारखे गुण देतो. तो न लिहिता नुसता ‘गूढ वातावरण’ असा शेरा असेल तर त्या ओळीचे गुण जातात.